डी.ओ. डॉक्टरांचा परवाना आणि नियमातली एक ओळ

रानजाई | सोमवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं. मी वॉशिंग्टन राज्यात एका हॉस्पिटलात डॉक्टरांची कागदपत्रं तपासणाऱ्या विभागात चौदा वर्षं काम करते. इथे त्याला क्रेडेन्शियलिंग म्हणतात. नवा डॉक्टर रुजू होण्याआधी त्याची पदवी, परीक्षा, रेसिडेन्सी (पदवीनंतरचं हॉस्पिटलातलं प्रशिक्षण), आधीच्या राज्यांतले परवाने, त्याच्यावर झालेले दावे, हे सगळं त्या त्या मूळ ठिकाणाहून पडताळून घ्यायचं, हे माझं काम.

आपल्या ओळखीतली निदान सहा-सात मुलं गेल्या काही वर्षांत डी.ओ.ला गेली. घरचे विचारतात, "हे खरे डॉक्टर ना?" त्याचं उत्तर सोपं आहे. हो, खरे डॉक्टर. डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन ही पदवी घेतलेला माणूस अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत औषध लिहून देतो, ऑपरेशन करतो, बाळंतपणं करतो. एम.डी.ला (इथली ही पहिली वैद्यकीय पदवी, आपल्या एम.बी.बी.एस.सारखी) जे येतं ते सगळं, आणि वर हाडं-स्नायू हातांनी तपासून उपचार करण्याचं सुमारे २०० तासांचं जादा शिक्षण. आज अमेरिकेत डॉक्टरकी शिकणाऱ्यांत एक चतुर्थांशाहून जास्त विद्यार्थी डी.ओ. कॉलेजांतले आहेत. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीतले व्हाइट हाउसचे डॉक्टर शॉन कॉन्ली डी.ओ. होते, बायडन यांचे केव्हिन ओकॉनरही डी.ओ.

मला बोलायचंय ते वेगळ्याच गोष्टीबद्दल. परवाना देतं राज्य, केंद्र सरकार नाही. राज्याच्या अधिनियमात ढोबळपणे लिहिलेलं असतं की अर्जदाराने मान्यताप्राप्त कॉलेजातून पदवी घेतलेली असावी, राज्याचं वैद्यकीय मंडळ (बोर्ड) ठरवील ती परीक्षा दिलेली असावी, अमुक इतकं प्रशिक्षण झालेलं असावं. कुठली परीक्षा, कुणाची मान्यता, किती वर्षं, कुठला पुरावा, हे मंडळ नियमांत लिहितं. आणि त्या नियमातली एखादी ओळ जुनी झाली, की हुशार, कष्टाळू मुलाची फाइल कुणाच्या तरी टेबलावर पडून राहते. पिवळी चिठ्ठी लावलेल्या अशा फाइली मी हाताळल्या आहेत. चिठ्ठीवर एवढंच असतं: "बोर्डाच्या उत्तराची वाट पाहतोय."

त्या ओळी कशा लिहिल्या जातात, कशा बदलतात आणि आपण त्यात काय करू शकतो, यावर इथे बोलू या. ज्यांना अनुभव आहे त्यांनी मोकळेपणाने लिहा.

घाटवाट | सोमवार, रात्री ११.३५

ताई, चांगला विषय. मी पुण्यात असतो, इथली एक गंमत सांगतो. माझ्या भाचीला अमेरिकेत डी.ओ.ला प्रवेश मिळाला तेव्हा आमच्या आईने सगळ्या सोसायटीत सांगितलं की नात डोळ्यांची डॉक्टर होणार. तिचा काही दोष नाही. आपल्याकडे दवाखान्याच्या पाटीवर एम.बी.बी.एस., डी.ओ. असं लिहिलेलं असलं तर तो डिप्लोमा इन ऑफ्थॅल्मॉलॉजी असतो.

मग मेहुण्यांनी दुसरी शंका काढली. आपल्याकडे २०१४ साली कायदा बदलून होमिओपॅथीच्या डॉक्टरांना एक वर्षाचा आधुनिक औषधशास्त्राचा अभ्यासक्रम केल्यावर ॲलोपॅथीची औषधं द्यायची मुभा दिली, आयएमएने त्याला विरोध केला, अजूनही वाद चालू आहे. डी.ओ.चं प्रकरण तसलंच काही आहे का? मला नीट सांगता आलं नाही. कोणी सांगेल का?

रानजाई | मंगळवार, सकाळी ७.०५

घाटवाट, तसं नाही, आणि हे नीट सांगायला हवं. आपल्याकडचा वाद आहे तो एका पॅथीचं शिक्षण घेतलेल्यांना दुसऱ्या पॅथीची औषधं कितपत देऊ द्यायची, याचा. डी.ओ.चा विद्यार्थी पहिल्या दिवसापासून शरीररचना, औषधशास्त्र, शस्त्रक्रिया, सगळं आधुनिक वैद्यकच शिकतो. चार वर्षं कॉलेज, मग एम.डी.ची मुलं जातात त्याच रेसिडेन्सीत. २०१५ ते २०२० या पाच वर्षांत दोघांच्या रेसिडेन्सींना मान्यता देणारी व्यवस्था एक करण्यात आली. १ जुलै २०२० पासून एसीजीएमई ही एकच संस्था सगळ्या रेसिडेन्सींना मान्यता देते.

अजून एक गोंधळ होतो. इंग्लंडमधला ऑस्टिओपॅथ वेगळा. तो १९९३ च्या कायद्याखाली नोंदणी झालेला हाताने उपचार करणारा व्यावसायिक असतो, पण डॉक्टर नसतो. नाव एका मुळातून आलं, दोन देशांत दोन वाटांनी गेलं. लंडनला राहणाऱ्या नातेवाइकांचं ऐकून कोणी निर्णय घेऊ नका.

आईंना माझा नमस्कार सांगा.

मिरजेचा_तंबोरा | मंगळवार, सकाळी १०.२०

मी १९७८ साली मिरजेहून एम.बी.बी.एस. करून मिशिगनला आलो. आता निवृत्त आहे. डी.ओ. लोकांबरोबर तीस वर्षं काम केलं, म्हणून थोडं मागचं लिहितो. मागचं कळल्याशिवाय आजचे नियम असे का, ते कळत नाही.

अँड्र्यू टेलर स्टिल हा सरहद्दीवरच्या वस्त्यांत डॉक्टरकी करणारा माणूस. १८६४ साली त्याची तीन मुलं मेंदूज्वराने गेली. त्या काळची औषधं म्हणजे पारा, अफू, जुलाब. त्यांवरचा त्याचा विश्वास उडाला. शरीराची रचना सुधारली तर शरीर स्वतःला बरं करतं, असं तो म्हणू लागला. १८९२ मध्ये मिझुरीतल्या कर्क्सव्हिल गावात त्याने ऑस्टिओपॅथीचं पहिलं कॉलेज काढलं. १८९६ मध्ये व्हरमाँटने सर्वांत आधी ऑस्टिओपॅथना कायदेशीर परवाना दिला. १९७३ मध्ये मिसिसिपीने पूर्ण अधिकार दिले आणि पन्नास राज्यं पूर्ण झाली. म्हणजे सत्त्याहत्तर वर्षं एकेक राज्य, एकेक विधिमंडळ अशी ही लढाई चालली. मी आलो तेव्हा ती संपून पाचच वर्षं झाली होती आणि तिची धग डॉक्टरांच्या खोलीत जाणवायची.

सर्वांत दुखरी गोष्ट कॅलिफोर्नियाची. तिथे १९६२ साली एम.डी. आणि डी.ओ. संघटनांनी विलीनीकरण केलं. लॉस एंजेलिसच्या ऑस्टिओपॅथिक कॉलेजाचं एम.डी. कॉलेज झालं, पुढे तेच कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत गेलं. दोन हजारांहून जास्त डी.ओ. डॉक्टरांनी ६५ डॉलर भरले आणि त्यांना एम.डी.ची पदवी मिळाली. अभ्यास तोच, हात तेच, रोगी तेच. आदल्या दिवशी हलके ठरलेले डॉक्टर ६५ डॉलरमध्ये बरोबरीचे झाले! त्याच वर्षी मतदारांनी प्रपोझिशन २२ मंजूर केलं आणि राज्यात नव्या डी.ओ.ना परवाना मिळणं बंद झालं. बारा वर्षं हे असंच चाललं. बाहेरच्या राज्यांतल्या डी.ओ. डॉक्टरांनी दावा लावला, आणि १९७४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी घटनाबाह्य ठरवली.

मी ज्या डी.ओ. सर्जनबरोबर पहिली चार वर्षं काम केलं, त्यांनी ते ६५ डॉलर घ्यायला नकार देऊन राज्य सोडलं होतं. ऑपरेशनच्या आधी हात धुताना त्यांनी मला ते एकदा सांगितलं. कोपरापर्यंत साबण, पाणी वाहतंय, आणि ते म्हणाले, "मी जे शिकलो त्याचं नाव बदलायला मी तयार नव्हतो." त्यांचा आवाज अजून कानात आहे.

काही राज्यांत डी.ओ.चं मंडळ अजून वेगळं का आहे, हे यातून समजेल. कॅलिफोर्निया, मिशिगन, फ्लोरिडा, पेनसिल्व्हेनिया, ॲरिझोना, नेवाडा, ओक्लाहोमा, वॉशिंग्टन इथे स्वतंत्र मंडळं आहेत. परके लोक आपला निवाडा करतील ही त्यामागची जुनी भीती, आणि तो आपलेच लोक करतील हा जुना अभिमान.

चिंचेचं_झाड | मंगळवार, दुपारी १.१५

काका, अंगावर काटा आला वाचून.

माझा मुलगा यंदा डी.ओ.च्या पहिल्या वर्षाला लागला. ताई, परीक्षेचं जरा सांगाल का? डी.ओ.वाल्यांची कॉम्लेक्स द्यायची की एम.डी.वाल्यांची यूएसएमएलई, की दोन्ही? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

रानजाई | मंगळवार, रात्री ८.५०

चिंचेचं झाड, परवान्यापुरतं बोलायचं तर डी.ओ.ला कॉम्लेक्स पुरते. सगळी राज्यं ती मानतात. तिच्या तीन पायऱ्या: पहिली आणि दुसरी कॉलेजात असताना, तिसरी पदवीनंतर, बहुतेक मुलं रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षात देतात. पहिल्या पायरीला २०२२ पासून गुण देत नाहीत, फक्त उत्तीर्ण की नापास. यूएसएमएलई देणारे डी.ओ. विद्यार्थी ती देतात रेसिडेन्सीसाठी, कारण काही ठिकाणी निवड करणाऱ्यांना तेच गुण वाचायची सवय आहे. तो निर्णय त्याने कॉलेजातल्या सल्लागाराबरोबर बसून घ्यावा. परवान्याशी त्याचा संबंध नाही.

माझ्या टेबलावरून मी एकच सांगेन: कुठलीही पायरी घाईने देऊ नये. डॉक्टरांना अनेक राज्यांत झटपट परवाना मिळावा म्हणून २०१७ पासून एक आंतरराज्य करार चालतो, चाळीसहून जास्त राज्यं त्यात आहेत. डी.ओ.नाही तो खुला आहे. पण त्याची अट अशी, की परीक्षेचा प्रत्येक भाग तीन प्रयत्नांच्या आत सुटलेला हवा. चौथ्या प्रयत्नात उत्तीर्ण झालेला मुलगा उत्तम डॉक्टर होऊ शकतो, पण हे दार त्याला बंद. काही राज्यांच्या नियमांत सगळ्या पायऱ्या किती वर्षांत संपवायच्या याचीही मर्यादा असते. एकोणिसाव्या वर्षी कुणी हे वाचत नाही, आणि तिसाव्या वर्षी ते समोर येतं.

साळुंकी | मंगळवार, रात्री ११.५८

मी नवव्या वर्षी इथे आले, मराठी आजीकडून शिकले. लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या.

मी डी.ओ. आहे, फॅमिली मेडिसिन. २०२१ ला पदवी झाली, २०२४ मध्ये रेसिडेन्सी संपली. माझी गोष्ट रानजाई ताईंच्या "एका ओळीची"च आहे म्हणून सांगते. राज्याचं नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांशी माझं भांडण नाही.

आमच्या वेळी कॉम्लेक्सच्या दुसऱ्या पायरीचे दोन भाग होते. एक संगणकावरचा, आणि दुसरा प्रात्यक्षिक. प्रात्यक्षिकाला फिलाडेल्फियाजवळच्या कॉन्शोहॉकनला किंवा शिकागोला जावं लागायचं. तिथे रोग्याचं काम करणारी माणसं असायची, त्यांना तपासायचं, बोलायचं, टिपण लिहायचं. कोविडमध्ये ती परीक्षा थांबली, फेब्रुवारी २०२१ मध्ये अनिश्चित काळासाठी पुढे ढकलली गेली आणि २०२२ मध्ये कायमची बंद झाली. आमच्या वर्षाच्या बऱ्याच मुलांनी ती दिलीच नाही. रोगी तपासायचं कौशल्य आहे असं कॉलेजच्या डीनने लिहून द्यायचं, अशी सोय झाली.

रेसिडेन्सी संपल्यावर मला दुसऱ्या राज्यात एका छोट्या गावात नोकरी मिळाली. त्या क्लिनिकमध्ये तीन डॉक्टर होते, एक निवृत्त झाले होते, मी त्यांच्या जागी जाणार होते. परवान्याचा अर्ज केला. अर्जात एक चौकट होती: "दुसरी पायरी, प्रात्यक्षिक, उत्तीर्ण दिनांक." मी लिहिलं, परीक्षा बंद झाली आहे, डीनचं पत्र जोडलं आहे. सहा आठवड्यांनी उत्तर आलं की नियमात "दुसऱ्या पायरीचे सर्व भाग" असं आहे, तेव्हा अर्ज मंडळाच्या बैठकीपुढे ठेवावा लागेल. बैठक पाच आठवड्यांनी.

फोनवर बोलणारी बाई फार चांगली होती. ती म्हणाली, "डॉक्टर, मला कळतं तुमचं. पण मी नियमात नसलेलं मान्य करू शकत नाही." ती चूक नव्हती.

बैठकीत पाच मिनिटांत मंजुरी मिळाली. पण तोवर क्लिनिकने ऑगस्टच्या सगळ्या अपॉइंटमेंट रद्द केल्या होत्या. त्यात सात महिन्यांची गरोदर बाई होती, तिला सत्तर मैलांवर पाठवलं. मी तिला नंतर भेटले. बाळ ठीक होतं. पण ती सत्तर मैल उन्हात गेली, ती त्या एका चौकटीमुळे. हे मी विसरू शकत नाही.

रानजाई | बुधवार, सकाळी ६.४०

साळुंकी, तुझं मराठी माझ्यापेक्षा नितळ आहे. लिहिलंस ते फार बरं केलंस.

मंडळी, हीच ती ओळ. "दुसऱ्या पायरीचे सर्व भाग." ज्याने लिहिली त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. तेव्हा दोन भाग होते, आणि दोन्ही व्हावेत असंच त्याला वाटत होतं. परीक्षा गेली, ओळ राहिली.

दुसरी अशीच एक ओळ तंबोरा काकांना माहीत असेल. फ्लोरिडा, मिशिगन, ओक्लाहोमा, पेनसिल्व्हेनिया आणि वेस्ट व्हर्जिनिया या पाच राज्यांत बरीच वर्षं अट होती की डी.ओ.च्या प्रशिक्षणाचं पहिलं वर्ष अमेरिकन ऑस्टिओपॅथिक असोसिएशनने मान्यता दिलेलं असावं. जी मुलं एम.डी.च्या रेसिडेन्सीत जायची त्यांना मग असोसिएशनकडे वेगळा अर्ज करावा लागे, आपलं वर्ष समकक्ष धरा म्हणून. त्या तरतुदीचा "रिझोल्युशन ४२" असा नुसता आकडा आमच्या खात्यात सगळ्यांच्या तोंडी होता. मग २०२० आलं आणि असोसिएशनने रेसिडेन्सींना मान्यता देणंच थांबवलं. ज्या नियमात फक्त तिचं नाव होतं, तो नियम आता अशा मान्यतेची मागणी करत राहिला जी जगात कुणीच देत नाही. राज्यांना त्या ओळी दुरुस्त करत बसावं लागलं. कुठे कायदा बदलावा लागला, कुठे नियम, कुठे मंडळाने तात्पुरता अर्थ लावून काम चालवलं.

माझं ठाम मत आहे, नियमात संस्थेचं किंवा परीक्षेचं नाव लिहायचंच असेल तर त्याच्याबरोबर "किंवा तिच्या जागी आलेली" हे शब्द यायलाच हवेत.

कायद्याचं_बोला | बुधवार, दुपारी १२.३०

वकील आहे, पण वैद्यकीय परवान्यांचा नाही. राज्याच्या प्रशासकीय कायद्याचा. दोन गोष्टींची भर घालतो.

राज्यांना हा अधिकार कुठून आला? १८८९ चा डेंट विरुद्ध वेस्ट व्हर्जिनिया हा खटला. फ्रँक डेंट काही वर्षं वैद्यकी करत होता. राज्याने नवा कायदा केला की नावाजलेल्या कॉलेजची पदवी हवी, किंवा दहा वर्षांचा अनुभव, किंवा परीक्षा. त्याची पदवी मंडळाने नाकारली, ५० डॉलर दंड झाला. तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि हरला. लोकांच्या आरोग्यासाठी राज्य अशा अटी घालू शकतं, असं न्यायालयाने ठरवलं. पण त्याच निकालात हेही आहे, की त्या अटींचा त्या व्यवसायाशी संबंध हवा आणि वाजवी अभ्यासाने व कष्टाने त्या पुऱ्या करता यायला हव्यात. साळुंकीताई, बंद पडलेली परीक्षा कुठल्याही कष्टाने उत्तीर्ण होता येत नाही. तुमची तक्रार सव्वाशे वर्षांहून जुन्या पायावर उभी आहे.

दुसरी गोष्ट, नियम बदलतो कसा. आपल्याकडे राजपत्रात मसुदा छापून "हरकती व सूचना" मागवतात ना, इथेही मूळ कल्पना तीच. वॉशिंग्टन राज्याचं उदाहरण देतो, ते मला रोजचं आहे. आधी मंडळ सीआर-१०१ हा कागद दाखल करतं: या विषयावर नियम करण्याचा विचार आहे, कोणाला काय वाटतं ते सांगा. मग सीआर-१०२: हा घ्या मसुदा, ही सुनावणीची तारीख, लेखी म्हणणं या दिवसापर्यंत पाठवा. तो राज्याच्या रजिस्टरमध्ये छापून आल्यावर किमान वीस दिवसांनी सुनावणी. शेवटी सीआर-१०३, म्हणजे नियम मंजूर. दाखल झाल्यावर साधारण ३१ दिवसांनी लागू. मधल्या टप्प्यात आलेल्या सूचनांचं काय केलं आणि का, हे मंडळाला लेखी सांगावं लागतं. तातडीचा नियमही करता येतो, पण तो १२० दिवसांपुरता.

यातली खरी मोक्याची जागा सीआर-१०१ ची. लोक सुनावणीला येऊन तावातावाने बोलतात, तोवर मसुदा बराचसा पक्का झालेला असतो. पहिल्या कागदाच्या वेळी पाठवलेलं अर्ध्या पानाचं पत्र जास्त काम करतं.

घाटवाट | बुधवार, दुपारी २.०५

हे पत्र कोणीही पाठवू शकतं? म्हणजे डॉक्टर नसलेला?

कायद्याचं_बोला | बुधवार, दुपारी २.४०

कोणीही. रोगी, आई-बाप, शेजारी. इतकंच काय, नियम करा, बदला किंवा रद्द करा, असा विनंतीअर्जही कोणी करू शकतो. वॉशिंग्टनमध्ये असा अर्ज आला की ६० दिवसांच्या आत मंडळाने एकतर प्रक्रिया सुरू करायची, नाहीतर नकाराची कारणं लेखी द्यायची. इतर बऱ्याच राज्यांत अशीच तरतूद आहे, मुदत ज्याची त्याने पाहावी.

आणि डॉक्टर नसलेल्यांनी लिहावंच. २०१५ साली नॉर्थ कॅरोलायनाच्या दंतवैद्यक मंडळाचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. दात पांढरे करून देणाऱ्या, दंतवैद्य नसलेल्या लोकांना मंडळाने नोटिसा धाडल्या होत्या. मंडळावर बहुसंख्य दंतवैद्यच. न्यायालय म्हणालं, व्यवसाय करणारेच मंडळावर बहुसंख्य असतील आणि त्यांच्यावर राज्याची खरीखुरी देखरेख नसेल, तर स्पर्धेच्या कायद्यापासून त्यांना आपोआप संरक्षण मिळणार नाही. तेव्हापासून मंडळं बाहेरच्या माणसाचं म्हणणं जास्त काळजीने नोंदवतात, असा माझा अनुभव आहे.

फुलवात | बुधवार, दुपारी ३.१०

वाचतेय. पुतणीला पाठवलं, ती तिसऱ्या वर्षाला आहे.

मिरजेचा_तंबोरा | बुधवार, संध्याकाळी ५.४५

एक वेगळा मुद्दा. सगळ्या अटी सैल करा, असा या चर्चेचा रोख होऊ नये. मंडळ का असतं, हे मी पाहिलंय. एका डॉक्टरवर एका राज्यात कारवाई झाली, त्याने ते न सांगता दुसऱ्या राज्यात अर्ज केला, आणि पडताळणीत सापडला. ती पडताळणी नसती तर तो आमच्या वॉर्डात उभा राहिला असता. बोटांचे ठसे, आधीच्या प्रत्येक राज्याचं पत्र, राष्ट्रीय नोंदवहीतला शोध, हे तरुण मुलांना जाचक वाटतं. मला नाही वाटत.

माझ्या मते अट कडक असायला हरकत नाही, पण तिला अर्थ असायला हवा. आपल्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचंच पाहा. दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण आणि त्यासाठी ३० गुणांचं पुढचं शिक्षण. माझे सांगलीचे मित्र सत्तरीत व्याख्यानांना जाऊन बसतात. कुरकुरतात, पण परत आल्यावर नव्या औषधाबद्दल मला फोन करतात!

रानजाई | बुधवार, रात्री ९.३०

काका, शंभर टक्के. वॉशिंग्टनमध्ये डॉक्टरांना आत्महत्या रोखण्याबद्दलचं सहा तासांचं प्रशिक्षण एकदा घ्यावंच लागतं. ते नियमात आलं तेव्हा काही जण वैतागले होते. आमच्या इथल्या एका वयस्क डॉक्टरांनी प्रशिक्षणानंतर आठवड्याभरात एका सफरचंदाच्या बागेवरच्या मजुराला सरळ विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का?" तो रडायला लागला. आधी मी हा प्रश्न कधीच असा विचारला नसता, असं त्यांनी मला सांगितलं. नियमातली ओळ माणसापर्यंत अशीही पोचते.

म्हणून ओळी काळजीने लिहिल्या जाव्यात, एवढंच म्हणणं आहे.

चिंचेचं झाड, तुमच्या मुलासाठी अजून एक. त्याला आजपासून एक फाइल घालायला सांगा. प्रत्येक परीक्षेच्या निकालाची प्रत, प्रत्येक रोटेशनची (एकेका विभागातल्या प्रशिक्षणाची) तारीख आणि ठिकाण, शिकवणाऱ्या डॉक्टरचं नाव, नंतर प्रशिक्षणाचा प्रत्येक करार. रेसिडेन्सी बंद पडतात, हॉस्पिटलं विकली जातात, डीन बदलतात. दहा वर्षांनी एखाद्या राज्याचं मंडळ विचारतं, "२०२७ च्या मार्चमध्ये तुम्ही कुठे होता?" आणि तेव्हा ते कॉलेजच्या संगणकावर सापडेलच असं नाही. एका मुलीच्या आईने अशी फाइल घातली होती, प्लॅस्टिकच्या कव्हरात, वर कुंकवाचं बोट लावलेलं. त्या मुलीचं काम माझ्याकडे चार दिवसांत झालं.

चिंचेचं_झाड | बुधवार, रात्री १०.१५

फाइल उद्याच आणते. कुंकू घरात आहे.

साळुंकी | गुरुवार, रात्री १२.२०

आज ड्युटीवरून येताना गाडीत बसून विचार केला. माझा परवाना आला म्हणून मी तो विषय सोडून दिला होता. पण आत्ताच जाऊन पाहिलं, त्या राज्याच्या नियमात ती ओळ अजून तशीच आहे. माझ्या मागच्या प्रत्येक मुलीला मुलाला बैठकीची वाट पाहावी लागत असेल. तिथेही नियम बदलण्याचा विनंतीअर्ज करता येतो, कायद्यात वाचलं.

मी अर्ज लिहिलाय. तो इंग्रजीत जाईल, पण इथे मराठीत टाकते म्हणजे काका-मावशींनाही बघता येईल:

"नियमात दुसऱ्या पायरीचे सर्व भाग उत्तीर्ण असावेत असे म्हटले आहे. त्यातील प्रात्यक्षिक भाग २०२२ पासून अस्तित्वात नाही. त्यामुळे पात्र अर्जदारांना बैठकीपर्यंत थांबावे लागते आणि गावातील रुग्णांना डॉक्टर मिळण्यास उशीर होतो. विनंती आहे की ही अट पुढीलप्रमाणे करावी: परीक्षा घेणारी संस्था अर्जदाराच्या पदवीच्या वेळी घेत असलेले सर्व भाग."

बरोबर आहे का?

कायद्याचं_बोला | गुरुवार, सकाळी ८.१०

उत्तम. दोन दुरुस्त्या. "पदवीच्या वेळी" नको, कारण तिसरी पायरी पदवीनंतर असते आणि कुणीतरी तिथे नवा घोळ काढेल. "अर्जदार ज्या वेळी ती पायरी देण्यास पात्र होता त्या वेळी घेत असलेले" असं करा. आणि ज्यांनी प्रात्यक्षिक दिलेलं आहे त्यांचं काही बिघडत नाही, हे एक वाक्य घाला. मंडळाला पहिली शंका तीच येईल.

रानजाई | गुरुवार, सकाळी ८.३५

आणि त्या सत्तर मैलांचं लिही, साळुंकी. नाव-गाव न देता, दोन ओळींत. मंडळावरचे लोकही डॉक्टरच आहेत, त्यांना ते कळेल.

साळुंकी | गुरुवार, रात्री ११.०५

तिन्ही घातलं. पाठवलं. पोच आली आहे, उत्तराची शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली. आजीला फोन करून सांगितलं, ती म्हणाली वाचून दाखव, म्हणून सगळं मराठीतलं वाचून दाखवलं. सत्तर मैल म्हणजे किती, असं तिने विचारलं. सांगितलं, साताऱ्याहून जवळजवळ पुण्यापर्यंत.